रविवारी रोम, सोमवारी फ्लॉरेन्स

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत पुढच्या उन्हाळ्यातील युरोप सहलींच्या जाहिराती आतापासूनच येऊ लागल्या आहेत. गेल्या मे महिन्यात अशाच एका जाहिरातीवरून मी इटलीच्या छोट्या सहलीला जाऊन आले. सहल वाईट झाली असे मी म्हणणार नाही. विमान, मुक्काम आणि जेवण यांची व्यवस्था चोख होती, बरोबरची माणसे आपल्याच भागातली आणि मनमिळाऊ होती, आणि एकट्या मुलीला परदेशी पाठवताना घरच्यांना जी धास्ती वाटते ती गटामुळे निम्मी कमी झाली. तरीही आखणीत एक दोष असा होता, की तो जाहिरातीत दिसत नाही, पैसे भरताना विचारायला सुचत नाही आणि तिथे पोहोचल्यावर कोणालाच दुरुस्त करता येत नाही. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना तो आधी कळावा म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत रविवारी रोम व व्हॅटिकन आणि सोमवारी पिसा व फ्लॉरेन्स असे छापले होते. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडला तर इतर रविवारी बंद असतात, आणि सिस्टीन चॅपेलमध्ये पर्यटकाला या संग्रहालयांतूनच जावे लागते. फ्लॉरेन्समधील उफीझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. परिणामी मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले सिस्टीनचे छत आम्ही पाहिले नाही आणि १५०४ मध्ये पूर्ण केलेला त्याचा डेव्हिडचा पुतळाही पाहिला नाही. चित्रकार बोत्तिचेल्लीची चित्रे उफीझीच्या ज्या इमारतीत आहेत तिच्या ओसरीतून आम्ही चालत गेलो, एवढेच. रविवारी दुपारी बारा वाजता पोप आपल्या खिडकीतून जमलेल्या लोकांना आशीर्वाद देतात. त्या गर्दीत संत पीटरच्या चौकात आम्हाला उभे केले गेले आणि व्हॅटिकन झाले असे सांगण्यात आले. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात जुन्या राजवाड्याच्या दाराशी डेव्हिडचा जो पुतळा उभा आहे तो प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादेमियात हलवला गेला आणि त्याच्या जागी १९१० मध्ये ही नक्कल बसवण्यात आली. आमच्या गटातील बहुतेकांनी तिच्यासमोर छायाचित्रे काढली आणि घरी पाठवली. मूळ पुतळा तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, बंद दाराआड आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. बसमध्ये परतल्यावर एकाने मोबाइलवर वाचून दाखवले तेव्हा कळले.

खानदेशातील माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे जळगाव स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. पाहुणे यायचे म्हटले की आपण आधी वार पाहतो, मग गाडी सांगतो. मुंबईचे पाहुणे सोमवारी सकाळी गाडीतून उतरले तर त्यांना पाटणादेवीला नेतो, पण फर्दापूरच्या फाट्यावर नेऊन लांबून डोंगर दाखवत नाही. अशा भागातून प्रवासी गोळा करणाऱ्या व्यवसायाला सात समुद्रापलीकडचे साप्ताहिक सुटीचे वार माहीत नसतील, हे मला पटत नाही. माहीत असतात, पण निघण्याचा दिवस ठरतो तो विमानाच्या स्वस्त तिकिटावर आणि नोकरदारांच्या शुक्रवारच्या सुट्टीवर, आणि शुक्रवारी रात्री निघालेला गट शनिवारी रोमला पोहोचतो व पुढचे सगळे गणित आपोआप चुकत जाते. दोन दिवस उशिरा निघाले असते, किंवा उलट्या दिशेने मिलानहून सुरुवात करून रोमला शेवट केला असता, तर हीच सहल याच खर्चात झाली असती. वार टळतच नसेल, तरी सोमवारचे फ्लॉरेन्स अगदी रिकामे नसते. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या ज्या सांता क्रोचे चर्चमध्ये आहेत ते सोमवारी उघडे असते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता तिथल्या कॅथेड्रलवर जो विटांचा घुमट बांधला, त्याच्या पायऱ्या आधी आरक्षण केले तर चढता येतात. आमच्या तासांत यातले काही बसले नाही, कारण ते तास आधीच दुसरीकडे गेले होते.

ते कुठे गेले, हेही सांगते. फ्लॉरेन्समध्ये आम्हाला चामड्याच्या वस्तूंच्या एका दालनात नेण्यात आले आणि व्हेनिसच्या मुक्कामात मुरानो बेटावरील काचेच्या कारखान्यात. मुरानोविषयी माझी तक्रार नाही. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या राज्याने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून या बेटावर हलवल्या, आणि तो हुन्नर आजही तिथे पाहायला मिळतो. कारागिराने भट्टीतून नारिंगी गोळा नळीवर काढला, चिमट्याने चार ठिकाणी ओढला, मान वळवली, आयाळीला चिमटे घेतले, आणि पाहता पाहता मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा लोखंडी पाटावर ठेवला. हे सगळे काही मिनिटांत आटोपले. त्यानंतर मात्र मागचे दार उघडून आम्हाला विक्रीच्या दालनात सोडले गेले आणि तिथे आम्ही इतका वेळ होतो, की डोजेंच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांच्या, राजवाड्यात आतून फेरी मारून झाली असती. राजवाडा आम्ही बाहेरून पाहिला. कार्यक्रमपत्रिकेत कारखाना आणि राजवाडा एकाच ओळीत, एकाच टाइपात छापले होते. आत कुठे जायचे आणि बाहेरून काय पाहायचे हे त्या ओळीवरून कळायला काहीच मार्ग नव्हता.

आता तिकिटांविषयी. काही वर्षांपूर्वीपर्यंत गटाचा व्यवस्थापक खिडकीवर जाऊन ऐनवेळी तिकिटे काढू शकत होता. आता इटलीत तो काळ राहिलेला नाही. कोलोसियमच्या तिकिटावर प्रवाशाचे नाव आणि आत जाण्याची वेळ असते, आणि दाराशी ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. पाँपेई येथे नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच लोकांना प्रवेश मिळतो आणि तिथलेही तिकीट नावानिशी असते. मिलानमधील लिओनार्दोच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्रासमोर पंधरा मिनिटे मिळतात, तीही आधी आरक्षण केलेल्यांना. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी मुक्कामाशिवाय येणाऱ्याकडून ५ युरोपासून प्रवेशशुल्क घेतले जाते, आणि मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसहून अधिक माणसे चालत नाहीत. आमचा गट चाळिशीच्या पुढचा होता, त्यामुळे त्याचे दोन भाग करावे लागले, पण परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक एकच ठरवलेला असल्यामुळे अर्धा गट संत मार्कच्या चौकात कबुतरांकडे पाहत बसला. या सगळ्या नियमांची कटकट वाटते हे खरे, परंतु सहल विकणाऱ्याने ते महिनाभर आधी पाहिले असते तर त्याचा त्रास प्रवाशाला झाला नसता. पालकांच्या उपयोगाची एक गोष्टही इथेच सांगून टाकते. उफीझी, अकादेमिया, कोलोसियम अशा इटलीच्या सरकारी संग्रहालयांत व स्मारकांत अठरा वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, तिकीट पडत नाही. मुलांच्या प्रवेशाचे पैसे वेगळे लावले असतील तर ते कशाचे, हे विचारून घ्यावे.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी व्यवस्थापकांना सगळा दोष देणार नाही. सत्तरीतल्या काकूंना परदेशी वरणभात मिळाला याचे मोल मोठे आहे, आणि इटालियन चीज सगळ्यांना चालतेच असे नाही. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात, तेव्हा काटेकोर शाकाहारी मंडळींनी पास्त्यावर ते भुरभुरू देऊ नये. पण रोज दुपारी आणि रोज संध्याकाळी शहराच्या मध्यातून निघून बाहेरच्या भारतीय हॉटेलात जायचे, तिथे साडेसहाला जेवायचे आणि आठला खोलीवर परतायचे, या क्रमाने त्या देशाची संध्याकाळ आम्हाला दिसलीच नाही. मे महिन्यात रोममध्ये साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो. लोक त्या वेळी घराबाहेर पडतात, चौकात बसतात, म्हातारी माणसे हातात हात घालून फेरी मारतात. आम्ही त्या वेळी पडदे ओढून उद्याचे सामान भरत होतो. पिसाला मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर एका भट्टीच्या दुकानात चेचिना नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढेच त्यात असते आणि मोठ्या तांब्याच्या परातीत तो भाजतात. आपल्याकडचे जाडसर धिरडे चुलीऐवजी भट्टीत घातले तर जसे होईल तसे ते लागते. मी गटापासून जरा मागे राहून एक तुकडा घेतला आणि बसमध्ये वाटला. पारोळ्याच्या एका मावशींनी त्याच्यावर पिशवीतला ठेचा लावून पाहिला व पुढच्या थांब्यावर आणखी मिळेल का म्हणून विचारले. एखाद्या दुपारचे जेवण प्रवाशांच्या मर्जीवर सोडले तर किती तास वाचतील, याचा विचार आयोजकांनी करावा.

बसच्या चालकावरून मात्र आमच्या मंडळींनी उगाच वाद घातला. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, सर्वसाधारणपणे दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक गाडी चालवता येत नाही, आणि हे सगळे गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात नोंदले जाते. आमचे एक काका त्याला “फक्त दहा मिनिटे पुढे चल” म्हणून विनवत होते, तेव्हा त्याने काही न बोलता यंत्रातली चिठ्ठी काढून दाखवली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जळगावहून पुण्याला जाणाऱ्या आम्हा तरुण नोकरदारांना त्या चिठ्ठीचा हेवा वाटला, हे नमूद करायला हरकत नाही. परंतु याचाही संबंध आखणीशी येतोच. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे; जलद रेल्वेने ते साधारण दीड तासात कापले जाते. आम्ही ते पिसाचा वळसा घेऊन, विश्रांतीच्या थांब्यांसह, बसने कापले, आणि पिसाला पोहोचल्यावर शहराबाहेरच्या वाहनतळापासून मनोऱ्यापर्यंत जाऊन यायलाच तास मोडला. ११७३ मध्ये सुरू झालेला आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताच कलू लागलेला तो मनोरा १९९० मध्ये बंद करावा लागला होता. उत्तरेकडच्या बाजूखालची माती हळूहळू काढून त्याचा कल सुमारे साडेपाच अंशांवरून चार अंशांपर्यंत आणला गेला आणि २००१ च्या अखेरीस तो पुन्हा उघडला. ही कहाणी मी घरी परतल्यावर वाचली. तिथे असताना आम्ही सगळे मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याची छायाचित्रे काढण्यात गुंतलो होतो, कारण तेवढाच वेळ होता.

वेळ मिळाला की काय होते, हे आम्हाला एकदा तरी दिसले, आणि तेही केवळ बस शहराच्या वेशीवर अडकली म्हणून. रोममधील पँथिऑनमध्ये आम्हाला ठरल्यापेक्षा तासभर जास्त थांबावे लागले. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू आजही वापरात आहे. तिच्या घुमटाचा व्यास ४३ मीटरहून अधिक असून लोखंडी सळई न वापरलेल्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. वर जाताना काँक्रीट हलके होत जावे म्हणून त्यात सच्छिद्र ज्वालामुखी दगड घातला आहे आणि शेंड्याला झरोका उघडाच ठेवला आहे. आम्ही आत असताना पावसाची सर आली. ती सर झरोक्यातून सरळ खाली जमिनीवर पडू लागली, कर्मचाऱ्यांनी मधल्या जागेभोवती दोरी धरली, आणि गटातले चाळीसगावचे एक निवृत्त गुरुजी दोरीला चिकटून खाली वाकून पाहू लागले. संगमरवरी फरशीला मधोमध किंचित फुगवटा आहे व तिच्यात बारीक छिद्रे आहेत. पाणी त्या छिद्रांतून खाली जाते. गुरुजींनी मार्गदर्शकाला विचारले, की हे पाणी पुढे कुठे जाते, ही नाली केव्हाची आहे, आणि दाराच्या वर ज्या अग्रिप्पाचे नाव कोरले आहे तो जर हेड्रियनच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा, तर नाव त्याचे कसे. मार्गदर्शक बाई प्रथमच खुलल्या. जुनी इमारत जळाल्यावर नवी बांधताना हेड्रियनने मूळ बांधणाऱ्याचेच नाव ठेवले, असे त्यांनी सांगितले, आणि याच अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीचे पाणी आजही त्रेवीच्या कारंज्यात पडते हेही सांगितले. त्यावर गुरुजींनी त्यांना बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयी, जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि एकाला एक जोडलेल्या कुंड्यांतून शहराला पाणी देणाऱ्या १६१५ च्या योजनेविषयी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत माहिती दिली. मागून कोणीतरी “आते कथा जानं शे?” (आता कुठे जायचे?) असे विचारले, तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांनी त्याला गप्प केले. सबंध सहलीत प्रश्न विचारले गेले ते या एका तासात.

या संदर्भात पादुआ गावाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण व्हेनिसपासून रेल्वेने अर्ध्या तासावर असूनही आपल्याकडच्या फार थोड्या कार्यक्रमपत्रिकांत ते दिसते. तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेली भित्तिचित्रे आहेत. आत सोडण्यापूर्वी पाहुण्यांना काचेच्या एका खोलीत पंधरा मिनिटे बसवतात, म्हणजे अंगावरची धूळ आणि दमटपणा बाहेरच राहतो. मग छोट्या तुकडीला मोजका वेळ आत नेतात. भिंतीवरच्या रंगाला माणसाचा श्वासही कसा बाधतो, हे अजिंठ्याच्या शेजाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इटलीचा आणि अजिंठ्याचा तर जुना संबंध आहे. निजाम सरकारने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला काउंट ऑर्सिनी यांच्यासह अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी बोलावले होते. सुटणारा गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, पण चित्रांवर दिलेला लाखेचा मुलामा पुढे पिवळा पडून रंग झाकोळले आणि तो काढण्यासाठी आपल्या पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना फार कष्ट पडले. आपल्या भागातून निघणाऱ्या गटाला पादुआची ती पंधरा मिनिटे मिलानच्या खरेदीपेक्षा जास्त भावली असती, असे माझे मत आहे. सर्वांना तसे वाटेल असा माझा आग्रह नाही. आमच्या गटात खरेदीसाठी आलेलेही होते आणि त्यांचे पैसेही तेवढेच खरे होते.

दोष एकट्या आयोजकांचा नाही, हेही खरे. दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की आपण शहरे मोजतो, आणि सहा शहरांची सहल चार शहरांच्या सहलीपेक्षा स्वस्त पडली असे समजतो. दोन लाखांच्या वर रक्कम भरणारा माणूस, व्हिसासाठी आयकर विवरण, बँकेचे उतारे आणि कार्यालयाचे रजापत्र गोळा करण्यात महिना घालवणारा माणूस, कोणत्या वारी कोणते दार उघडे आहे एवढे विचारत नाही. गावात होणाऱ्या सहलीपूर्व बैठकीत प्रश्न असतात ते बॅगेच्या वजनाचे आणि प्लगच्या पिनांचे. तेही लागतातच. पण त्याच बैठकीत प्रत्येक ठिकाणापुढे वार, आत प्रवेश की बाहेरून पाहणे, आणि प्रत्यक्ष तिथे मिळणारा वेळ, असा तीन रकान्यांचा कागद आयोजकांनी द्यावा, आणि पैसे त्यानंतर घ्यावेत. तिकीट आधी काढलेले असेल तर त्याचा आरक्षण क्रमांक दाखवायला कोणाची हरकत नसावी. दुकानातील थांबाही त्याच कागदावर लिहावा. ज्यांना जायचे नाही त्यांना तेवढा वेळ मोकळा सोडावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. सहलींची खास पुरवणी आपण दरवर्षी काढता. येत्या पुरवणीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पॅरिस अशा नेहमीच्या शहरांतील मुख्य स्थळांचे बंद वार आणि आरक्षणाचे नियम एका पानावर छापावेत, आणि ते पान शक्य झाल्यास जाहिरातींच्या समोरच्या बाजूस यावे.

कळावे,

आपली,
एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव